वाळवणाचे दिवस : दापोलीच्या किनाऱ्यावरून

देशावरील मंडळींची कोकणाविषयीची कल्पना बहुधा दोन चित्रांनी व्यापलेली असते. एक नारळी-पोफळींच्या बागांचे आणि दुसरे आंब्याच्या पेटीचे. परंतु वैशाखाच्या उत्तरार्धात तिकडे गेलेल्या मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडते ते निराळेच. घरापुढील सारवलेले खळे, पडवीचे उतरते छप्पर, विहिरीचा कठडा, फार काय पण एखादी मोडकी बाजसुद्धा, कशाने ना कशाने झाकलेली असते. कोठे पिवळाधमक रस ताटांतून पसरलेला, कोठे जांभळ्या साली, कोठे पापड, कोठे मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. आणि या सर्वांवर पहारा करावयास एक काळी छत्री उघडून उलटी टांगलेली व तिच्या सावलीत परीक्षा संपलेले एक पोर. छत्री कावळ्यांसाठी. पोर कशासाठी, हे त्याच्या ओठांवरील आंब्याच्या रसावरून ओळखता येते.

हे सारे एवढ्या लगबगीने का चालते, हे कळावयास तेथील पावसाळा आठवावा लागतो. मृग लागला की पूर्वी चार महिने गावचा आणि बाहेरचा संबंध जवळजवळ तुटत असे. तरी बंद, ओढ्यांना पूर, आठवड्याचा बाजार आठवड्याला भरेलच याचा नेम नाही. तेव्हा भाजीच्या ऐवजी सांडगे, आंबटासाठी आमसूल व आंबोशी, तोंडी लावावयास पापड-मिरगुंडे, आणि पोरांच्या हातावर ठेवावयास आंब्याची साठ किंवा फणसपोळी, एवढी बेगमी उन्हाच्या जिवावर करून ठेवावयाची. आता रस्ते झाले, दुकाने झाली, दापोलीस काय वाटेल ते मिळते. तथापि वाळवण थांबलेले नाही. काही अंशी ती जिभेची सवय होय. आणि काही अंशी, पुढे सांगणार आहोत त्याप्रमाणे, तो पैशाचाही प्रश्न होय.

२०२५ सालच्या मे महिन्यात आमचे तिकडे जाणे झाले. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव गाठावे आणि पुढे मंडणगडावरून दापोलीस उतरावे, हा मार्ग लांबचा वाटला तरी प्रवास सुखाचा होतो. दापोली म्हणजे इंग्रजी अमलातील लष्करी छावणीचे गाव. जुनी माणसे अद्यापि 'काप दापोली' म्हणतात, तो 'कँप'चा अपभ्रंश. आज त्या गावाचे नाव १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे अधिक ऐकू येते. दापोली सोडून समुद्राकडे निघाले की आसूदची बाग लागते. रस्ता एकदम खाली उतरतो, हवा बदलते, पाटाचे पाणी पोफळींच्या मुळांतून खळखळत जाताना ऐकू येते, आणि पलीकडे ओढा ओलांडून पायऱ्या चढून गेले की केशवराजाचे देऊळ. येथून मुरूड जवळच.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव, हे वाचकांस सांगावयास नको. गावाची ठेवण मात्र सांगण्यासारखी आहे. मधून सरळ रस्ता, दुतर्फा घरे, प्रत्येक घरामागे त्याची नारळी-पोफळीची वाडी आणि समुद्राच्या बाजूच्या वाड्या संपतात तेथे पुळण. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली झाडे काही तासांत गेली. त्यानंतर लावलेल्या पोफळी आता पुरुषभर उंच झाल्या आहेत, परंतु मधूनमधून अजून आभाळ दिसते. वाडी गेली त्या वर्षी ज्या थोड्या गोष्टींनी घरे तगून राहिली त्यांत वाळवण ही एक होती, असे आमच्या यजमानीणबाई म्हणाल्या, आणि त्या उगाच बोलणाऱ्यांपैकी नव्हेत.

या यजमानीणबाई म्हणजे नात्याने आमच्या चुलत घराण्यातील काकू. सत्तरी उलटून गेलेली, पण पहाटे खळे झाडून सारवून त्यावर सूर्याची किरणे पडावयाच्या आत ताटे मांडून होत. त्यांची धाकटी सून पुण्याची. दापोलीस एका शाळेत शिकविते. घरात माणसे पुष्कळ, आणि सुटीमुळे मुंबई-पुण्याची आणखी जमलेली. वाळवणाची सर्व सत्ता काकूंच्या हाती. सुनेने त्या सत्तेत एका विजेच्या पेटीचा शिरकाव करविला होता, आणि त्या पेटीविषयीच पुढे विस्ताराने लिहावयाचे आहे. परंतु त्याआधी वाळवणाकडे वळू.

त्यातही आमसुलाकडे. आपल्या घरी आमटीत दोन काळी आमसुले टाकणाऱ्या किती गृहिणींना ती कशी होतात हे ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. रातांब्याचे झाड मुद्दाम लावलेले क्वचित. बांधावर, ओहोळाकाठी, वाडीच्या कोपऱ्यात ते आपोआप उभे असते. आता विद्यापीठाने 'कोकण अमृता' या नावाची निवडक जातही दिली आहे, पण या घरची झाडे आजेसासऱ्यांच्या वेळची. फळ पिकून गडद तांबडे झाले म्हणजे उतरावयाचे, चिरून दोन वाट्या करावयाच्या, आतील बी आणि गर निराळा काढावयाचा. गराला मीठ चोळले की त्यास लाल रस सुटतो. त्या रसात साली बुडवून ठेवावयाच्या, निथळून उन्हात पसरावयाच्या, वाळत आल्या की पुन्हा रसात. अशी चार-पाच पुटे दिली म्हणजे साल आपला रस परत पिऊन काळसर, चिवट व आंबट होते. उरलेला खारा रस म्हणजे आगळ. त्याची सोलकढी होते. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येते. ते थिजते, आणि थंडीत पायांच्या भेगांना लावतात. फळाचे काहीही फुकट जात नाही. अडचण एकच. रातांबा पिकतो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पावसाच्या अगदी तोंडावर. पावसाआधी उतरला तो आपला, पावसात सापडला तो मातीचा. आणि पुटे द्यावयास पाच-सहा दिवस सलग कडक ऊन हवे.

या घरात आमसुलांचा पैसा बायकांचा, असा जुना दंडक आहे. नारळ-सुपारीचा हिशेब पुरुषांकडे; पण आमसूल आणि आगळ विकून येईल ते काकूंच्या डब्यात. त्या डब्यातून लेकींची बाळंतपणे झाली आहेत, नातवंडांची पुस्तके आली आहेत, आणि निसर्ग वादळानंतर छपराची कौलेही. तेव्हा खळ्यावर पसरलेल्या त्या जांभळ्या सालींकडे पाहताना केवळ पाकशास्त्र पाहू नये.

आंब्याच्या साठीचे काम त्यामानाने सोपे. हापूस पेटीत जातो; साठ घालावयाची ती रायवळ आंब्याची. रस गाळून, ताटाला तुपाचा हात लावून, पातळ थर ओतावयाचा. तो सुकला की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. वर मलमलीचे फडके, माशांसाठी. फणसपोळीला बरका फणस लागतो, कारण त्याचे गरे मऊ व रसाळ असून चाळणीतून घासता येतात. कापा फणस तळण्याच्या गऱ्यांसाठी. पापड, फेण्या, भरलेल्या मिरच्या यांविषयी लिहीत बसत नाही. त्या गोष्टी आपल्या सर्वांच्या घरी होतात, निदान आजीच्या वेळेपर्यंत तरी होत असत.

मुरुडाहून हर्णे बंदर हाकेच्या अंतरावर. तेथे संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, आणि पुळणीवर व बांबूंच्या मांडवांवर मासळी वाळत असते. आमच्या पुष्कळ वाचकांस येथे नाकाला पदर लावावासा वाटेल. पण थोडे थांबून पाहिले असता ध्यानात येते की कोळिणीची आणि आमच्या काकूंची विद्या एकच आहे. पदार्थातील पाणी इतके कमी करावयाचे, किंवा मिठा-साखरेने असे बांधून टाकावयाचे, की बुरशीस व जंतूंस ते वापरता येऊ नये. शास्त्रज्ञ या मोकळ्या पाण्याचे माप शून्यापासून एकापर्यंतच्या अंकांत करतात. ते ०·९ च्या खाली गेले की बहुतेक जंतूंची वाढ थांबते. ०·७ च्या खाली बहुतेक बुरशांची. आणि ०·६ च्या खाली काहीच वाढत नाही. काकूंना हे आकडे ठाऊक नाहीत. त्या आंबोशीची फोड ताटात टाकून तिचा आवाज ऐकतात.

आता ती पेटी. शास्त्रीय भाषेत तिला 'निर्जलीकरण यंत्र' म्हणावे लागेल. बाजारात 'डिहायड्रेटर' म्हणतात. काकूंनी तिचे नाव 'वाऱ्याची पेटी' ठेविले आहे, आणि तेच सर्वांत यथार्थ होय. मध्यम आकाराची, पुढे काचेचे दार, आत जाळीचे सहा ट्रे, पाठीमागे पंखा आणि त्याजवळ तापणारी तार. बाहेर एक चक्री. ती फिरवून उष्णता सुमारे ३५ अंशांपासून ७० अंशांपर्यंत हवी तेवढी ठेवता येते. यात भट्टीसारखी भाजण्याची क्रिया नाही. कोमट कोरडा वारा पदार्थावरून अखंड वाहतो आणि ओल घेऊन बाहेर जातो, एवढेच.

मे महिन्यातील समुद्रकाठची दमट हवा आत घेऊन ही पेटी कोरडा वारा कोठून आणते, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. त्याचे उत्तर मौजेचे आहे. हवा जसजशी तापते तसतशी तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती झपाट्याने वाढते. बाहेर धो धो पाऊस पडत असून २७ अंशांची हवा पाण्याने अगदी तुडुंब भरलेली असली, तरी तीच ६० अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास येते. आणि वैशाखातही एवढी कोरडी हवा मुरुडास मिळत नाही. म्हणजे जेव्हा खळे निरुपयोगी होते नेमके तेव्हाही पेटीस काम करता येते. मात्र तिचे पोट लहान. एका ट्रेवर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ थर द्यावयाचा, त्यामुळे सहा ट्रे मिळून एका खेपेस दोन लिटर रस जेमतेम मावतो. खळ्यावर एका वेळी दहापट वाळते आणि वीज लागत नाही.

सासूसुनांत यावरून जो वाद होता तो मोठा गोड होता.

"अगो, उन्हाला पैसे पडत नाहीत," काकू म्हणत.

"आई, ऊन आहे तोवर उन्हातच घालू. नसेल त्या दिवशी काय करायचं, एवढंच म्हणते मी."

"नसेल त्या दिवशी! मृगाला अजून पंधरा दिवस आहेत."

त्या साली मृगापर्यंत थांबण्याची पावसाची तयारी नव्हती. वीस तारीख उलटली तोच आभाळ भरून आले, दुपारी गडगडाट, रात्री सरी. वर्तमानपत्रे अरबी समुद्रातील कमी दाबाच्या पट्ट्याविषयी लिहू लागली. हा पट्टा जोर धरून २४ मे रोजी रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आला. म्हणजे आम्ही होतो तेथून फार लांब नव्हे. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला, एरवी तो १ जूनला येतो. आणि २६ मे रोजी तो मुंबईस पोहोचला. मुंबईच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधीच आलेला नव्हता. यापूर्वीची सर्वांत लवकरची तारीख १९५६ सालची, २९ मे.

खळ्यावरून पहिल्या सरीला जे पळवापळवीचे दृश्य झाले ते लिहून दाखविणे कठीण. घरातील आबालवृद्ध ताटे उचलून ओटीवर धावत होते. ओटी भरली, पडवी भरली, माजघरात पाय ठेवावयास जागा उरली नाही. हिशेब केला तेव्हा पुढील माल अर्धवट होता : सुमारे चाळीस किलो आमसुले, तिसऱ्या पुटावरची, फणसपोळीची अकरा ताटे, साठीची सात, पैकी दोन नुकतीच ओतलेली, आणि उडदाचे पापड. पेटी एक.

सुनेचे म्हणणे पडले की आमसुले आधी घालावीत, कारण पैसा त्यांत आहे. तिचे म्हणणे चुकीचे होते असे कोणीही म्हणणार नाही. काकू मात्र क्षणभर सर्व ताटांकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी जो क्रम लावून दिला तो आम्हांस अद्यापि स्मरतो. आमसुले पुन्हा त्यांच्याच खाऱ्या रसात, मोठ्या बरण्यांत. वर आणखी मीठ. "ती आंबट आहेत नि खारट आहेत, आठ दिवस काही होत नाही त्यांना." पापड घरातल्या घरात दोऱ्यांवर चादरी बांधून त्यांवर, पंख्याखाली, ते पातळ, त्यांना वारा पुरे. गोड पदार्थ तेवढे थांबणार नाहीत, ते रात्रीत आंबतील, तेव्हा पेटीत प्रथम फणसपोळी, कारण ती जाड, मग साठ. एवढे सांगून त्या पुन्हा चुलीकडे गेल्या.

अन्नशास्त्राच्या एखाद्या पदवीधराने याहून वेगळा निर्णय दिला असता असे आम्हांस वाटत नाही. आम्ल आणि मीठ ही दोन स्वतःच राखण करतात. ओली साखर मात्र यीस्टला आमंत्रण असते. पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत फळाला किती अंश व किती तास हे दिले होते. परंतु अनेक गोष्टी एकदम अडचणीत सापडल्या असता कोणती आधी वाचवावी, याचे कोष्टक त्यात नव्हते.

पहिली खेप रात्री दहाला लागली, ६० अंशांवर. पुस्तिकेप्रमाणे दहा तासांनी सकाळी ती व्हावयास हवी होती. सुनेने दार उघडले, वरून पोळी सुकलेली दिसत होती. काकूंनी कडेने बोट आत घातले आणि मान हलविली. वरचा पापुद्रा घट्ट झाला होता, आतून ओल होती. पदार्थ फार जाड असला किंवा आरंभीच उष्णता फार दिली, म्हणजे असे होते. वरची कातडी आवळून बसते आणि आतील पाण्यास बाहेर पडावयास वाट राहत नाही. असा जिन्नस डब्यात गेला तर महिन्याभरात बुरशी आलीच. सुनेने चक्री ५५ वर आणली, पोळ्या उलथून घातल्या, आणि आणखी तीन तास. त्यानंतर मात्र पोळी वाकविली असता मोडली नाही, चिकटलीही नाही. काकू म्हणाल्या, "आता झाली." पेटीविषयी त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द.

दुसरी खेप चालू असता, २४ तारखेस दुपारी, वीज गेली.

कोकणात वादळी पावसात वीज जाते हे नवे नाही. झाडे तारांवर पडतात. पण पेटीच्या आत त्या वेळी सहा ट्रे अर्धवट वाळलेली पोळी होती, कोमट आणि ओली, म्हणजे आंबावयास हवी तशी जागा. बाहेर पाऊस असा की अंगणातील तुळशीवृंदावन दिसेना. दोन तास वाट पाहिली. तिसऱ्या तासास काकूंनी पडवीतील जुनी चूल पेटविण्यास सांगितले. तिच्या वर पूर्वी नारळाच्या वाट्या वाळविण्यासाठी केलेली बांबूंची माळी होती. कित्येक वर्षांत तिचा उपयोग कोणी केला नव्हता. ती पुसून तीवर केळीची पाने व पानांवर पेटीतील पोळ्या ठेविल्या. जाळ मोठा करावयाचा नाही, नुसती धग. रात्रभर आळीपाळीने एकजण चुलीपाशी बसून होता. या जागरणात गप्पा, भुते, भुताटकी, जुन्या सोयरिकी असे सर्व विषय निघाले, हे सांगावयास नकोच. पण दर अर्ध्या तासाने काकू उठून पोळीला हात लावून पाहत, आणि तेवढ्यापुरते सर्वजण गप्प होत.

वीज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. उरलेले काम पेटीने पुरे केले. अकरा ताटांपैकी दहा साधली, त्यांपैकी सहांना धुराचा वास. साठीची नुकतीच ओतलेली दोन ताटे मात्र हाती लागली नाहीत. फेस येऊन आंबली, ती गोठ्याकडे गेली. पापड वाचले, थोडे वाकडे.

राहिली आमसुले. आम्ही २८ तारखेस निघालो तोपर्यंत ती बरण्यांतच होती, आणि खरोखर त्यांना काही झाले नव्हते. पुढची हकीकत दूरध्वनीवरून कळली. दोन तास टोपलीत निथळत ठेवून, म्हणजे पेटीत रस गळणार नाही अशी, एका वेळी तीन-तीन किलो, ५५ अंशांवर. उरलेली पुटे बरणीत आणि वाळणे पेटीत, असे पंधरवडाभर चालले. मजुरी फार पडली आणि विजेचे देयकही वाढले. पण सालातील काकूंचा डबा रिकामा राहिला नाही. पेटीतील आमसुलांचा रंग उन्हातल्यापेक्षा तांबडा राहतो. गिऱ्हाइकांस तो आवडला. काकूंस नाही, आमसूल काळे असावे असे त्यांचे मत आहे आणि ते बदलण्याची चिन्हे नाहीत.

पुण्यामुंबईस परतल्यावर पुष्कळ भगिनींनी आम्हांस विचारले की ही पेटी घ्यावी काय. ज्यांना गच्ची आहे, घरात माणसे आहेत आणि चैत्र-वैशाख आहे, त्यांनी पापड-कुरडयांसाठी तिच्या मागे लागू नये. ज्यांना सदनिकेत एक हातभर सज्जा आहे व त्यावर समोरच्या इमारतीची सावली, त्यांना ती उपयोगी पडेल. विजेचा खर्च बाऊ करण्याजोगा नाही. ४०० वॅटची पेटी दहा तास चालली तर फार तर चार युनिटे. फळांना ५५ ते ६० अंश, मेथी-पुदिना-कढीपत्त्यास ४० च्या आसपास, नाही तर त्यांचा सुवास उडून जातो. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात. निम्म्या जाड व निम्म्या पातळ केल्यास एक करपते तोवर दुसरी ओली राहते. मुलांच्या खाऊसाठी चिकू फार छान होतो, आणि केळी घालावयाची तर वसईची सुकेळी आठवावी. तेथील राजेळी केळी उन्हात वाळवून जो पदार्थ होतो त्याच्या जवळपास पेटीत जाता येते, बरोबरी होत नाही. दुधाचे व तेलकट जिन्नस यात घालू नयेत. पाणी गेले तरी स्निग्धांश खवट होतो. आणि पेटीतून काढलेला पदार्थ गरम असता डब्यात भरू नये, त्यास घाम सुटतो; पण पावसाळी हवेत उघडाही ठेवू नये, तो ओल परत ओढून घेतो. कोरड्या फडक्याखाली निवेपर्यंत, आणि लगेच काचेच्या बरणीत. पहिले आठ दिवस बरणी रोज हलवून पाहावी. काचेला दव दिसले तर जिन्नस पुन्हा वाळवावा.

क जीवनसत्त्व उष्णतेने व हवेने कमी होते, मग ते ऊन असो की पेटी. तेव्हा वाळवलेल्या फळाने ताज्या फळाची जागा भरून निघते, असे जाहिरातींतून म्हणतात ते मानू नये.

श्रावणात मुरुडाहून पार्सल आले. आत फणसपोळीच्या दोन पुड्या होत्या. एकीवर सुनेच्या अक्षरात 'पेटी' आणि दुसरीवर काकूंच्या अक्षरात 'चूल' असे लिहिलेले. सोबत निरोप होता की एका बरणीत आमसुलांवर पांढरे दिसले म्हणून सर्वजण घाबरले होते, पण काकूंनी जिभेवर ठेवून पाहिले, मीठ होते. आमच्या घरात चुलीची पुडी आधी संपली.